मांडवावरची पहिली ओळ

माझ्या भावजयीला माझी आई रोज शिव्या घालते, आणि मला त्याचा हेवा वाटतो. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. चोपन्न वर्षांची बाई, मुंबईच्या ऑफिसात हाताखाली बारा माणसं, विरारला स्वतःचा फ्लॅट, आणि पोटात दुखतंय कशाने, तर आई आपल्याला शिव्या देत नाही म्हणून. पण खोटं कशाला बोलू? दुखतंय तर दुखतंय.

माझं माहेर निर्मळला. विरारहून स्कूटर काढली की अर्ध्या तासात मी दारात. देवळाच्या तळ्यापासून आत वळलं की आमची वाडी लागते. पुढे नारळ, मागे केळी, विहिरीच्या कडेला थोडी भाजी, थोडी फुलं. घर आता स्लॅबचं आहे, वर पाण्याची काळी टाकी आहे, पण अंगणात दर दिवाळीनंतर बांबूचा मांडव उभा राहतो. कंबरेएवढ्या उंचीचा, वर कारवीच्या काड्यांची चटई. त्याच्यावर आम्ही राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतो. आठवडाभरात ती आखडतात, लालसर तपकिरी होतात, मधासारखी चिकट होतात. मग वाळलेल्या केळीच्या पानात गुंडाळून केळीच्या खोडाच्या सोपटाने बांधायची. ती सुकेळी. आमच्या पट्ट्यात ज्याच्या घरी सुकेळी होत नाहीत त्याला हिवाळा आला हे कळतं कसं, मला ठाऊक नाही.

यात एक खोच आहे. दिवसभर ऊन दिलं तरी दिवस मावळायच्या आधी सगळी केळी उचलायची, टोपल्यांत रचायची आणि वरून पानं, गोधडी घालून झाकायची. रात्रभर ती आत घाम सोडतात आणि गोडी बाहेर येते. सकाळी परत मांडवावर. समुद्र इतका जवळ की थंडीत अंधार पडताच दव उतरतं. एकदा का दव लागलं की केळं बुळबुळीत होतं, आंबतं, आणि तो माल गेला. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं, हे आत्ताच सांगून ठेवते.

मला माहीत होतं, पण मला कधी हात लावू दिला नाही. केळीचा चीक हाताला लागला की डाग महिनामहिना जात नाहीत. आईचे हात मी काळेच पाहिले. मी पाचवीत असताना शाळेत पालकांना बोलावलं होतं, तेव्हा आई बाकावर पूर्ण वेळ हात पदराखाली धरून बसली होती. त्याच वर्षी मी वर्गात बाईंना सांगायला गेले की माझं दप्तर अटे आहे. आमच्या घरच्या बोलीत इथे म्हणायला अटे म्हणतात. वर्ग खदाखदा हसला. मी घरी येऊन रडले. त्या दिवसापासून आई माझ्याशी घरची बोली बोलली नाही. रेडिओ ऐकून ऐकून तिने पुस्तकी मराठी जमवली आणि ती अडखळत माझ्याशी बोलायला लागली. वडिलांशी, भावाशी, शेजारणीशी घरची बोली, आणि माझ्याकडे वळली की, "तू जेवलीस का? तुझा अभ्यास झाला का?" घरातल्या घरात मी एकटी पाहुणी.

केळी सोलायला बसले की उठवायची. तुझे हात खराब होतील, तू वाच. मी वाचलं. शिकले, नोकरी धरली, लग्न केलं, विरारला फ्लॅट घेतला. आईला जे हवं होतं ते सगळं करून दाखवलं. तेव्हा मला वाटायचं, सुटले बाई.

मग भावाचं लग्न झालं. भावजय मूळची सांगलीकडची, वडील मुंबईत नोकरीला, वाढली नालासोपाऱ्याच्या चौथ्या मजल्यावर. कॉम्प्युटर शिकलेली. लग्नात तिला केळीच्या घडाची फणी कुठली आणि कमळ, म्हणजे केळफूल, कुठलं ते कळत नव्हतं. मी मनात म्हटलं, ही काय टिकते वाडीत. माझा अंदाज चांगलाच आपटला. वर्षभरात ती चिकाने काळी झाली आणि आईशी घरच्या बोलीत भांडायला लागली. सांगलीचा हेल तसाच, पण शब्द आमचे. आई तिला सकाळपासून सुरू. मेले, पानं भिजवलीस का? मेले, केळं सोलतेस का कुणाची सालटी काढतेस? ते मेले, मेले वाडीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. माझ्या वाट्याला उभ्या जन्मात एकदासुद्धा मेले आलं नाही. मी गेले की आई खुर्ची पुसते, पंखा लावते आणि विचारते, "जेवलीस का?"

एकदा भावजय मला हसत हसत म्हणाली होती की ताई, तुम्हाला आई आल्या आल्या जेवलीस का विचारतात, मला इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, आता ही मला खिजवतेय. मी उठून विहिरीकडे गेले.

बरं, ती नुसती काळी होऊन बसली असती तर चाललं असतं. तिने मांडवाशेजारी काचेच्या झाकणाचा ड्रायर आणून ठेवला. त्यात उन्हाची धग कोंडली जाते, धूळ नाही, माशा नाहीत, तीन दिवसांत माल तयार. मला वाटलं, आता आई हिला उभी चिरणार. आईने दोन दिवस तोंड फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी काचेत डोकावून म्हणाली की ऑर्डरीचं यात घाल, घरचं आणि देवाचं मांडवावर. झाली वाटणी. तेव्हापासून अंगणात दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. भावजय जीन्स घालून मांडवावर केळी पालटते, आणि फोनसमोर उभं राहायचं झालं की आईचं लाल लुगडं नेसते. आई मात्र गाऊनमध्ये बसून फोनवर मालिका बघते. कोण जुनं आणि कोण नवं, सांगा बघू.

गेल्या वर्षी तिचं एक रील फिरत फिरत माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर आलं. माझ्या आईचं लुगडं, माझ्या आईचा मांडव, आमची बोली, आणि मध्ये ही. खाली कुणीतरी लिहिलेलं, अस्सल वसईची बाई. पलीकडच्या टेबलावरची मुलगी मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या साइडचंच आहे ना हे? तुम्हाला येते का ही लँग्वेज?" मी म्हटलं, थोडी थोडी. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी जिन्यात जाऊन उभी राहिले. अस्सल! सांगलीची, चौथ्या मजल्यावरची अस्सल. आणि जिची नाळ त्या अंगणात पुरली ती थोडी थोडी.

या हिवाळ्यात आईचे गुडघे पार गेले. मांडवाशी उभं राहणं संपलं. आमच्या घरात एक रीत आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी मांडवावरची पहिली ओळ घरातल्या बाईने घालायची. जी पहिली ओळ घालते तिच्या हातात त्या वर्षाचा मांडव. ती ओळ सुकली की त्यातली पाच सुकेळी देवळात जातात आणि मग बाकीची खायची. इतकी वर्षं ती ओळ आईच घालत आली. यंदा फोनवर ती सहज बोलून गेली की आता माझ्याने होत नाही, दुसऱ्या कुणीतरी घालायला हवी. कुणी ते बोलली नाही.

मी आठ दिवसांची रजा टाकली. नवऱ्याला सांगितलं, आईचे गुडघे दुखतायत. त्याने तोंडाकडे पाहिलं फक्त. मला ती ओळ हवी होती. मुलगी मी आहे. मला बाकी काही नको होतं, वाडी नको, घर नको. एकदा, एकाच वर्षी, आईने सगळ्यांदेखत मला मांडवाशी उभं करावं, एवढंच हवं होतं. जुनी सुती साडी नेसून मी सकाळी सातला निर्मळला हजर झाले. आईने खुर्ची पुसली. "जेवलीस का?" सकाळी सात वाजता!

केळी सोलून तयार होती. मी पदर खोचून मांडवापाशी उभी राहिले. आई पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर. तिने भावजयीला हाक मारून बोलीत सांगितलं की साल, म्हणजे चल, घाल ओळ, ऊन वर आलं. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तू फोटो काढ. तुझा फोन चांगला आहे."

मी फोटो काढले. सात काढले. एकातही भावजयीचं डोकं धड आलेलं नाही. ओळ घालून झाल्यावर आईने तिला मेले म्हटलं, कारण दोन केळी एकमेकांना चिकटली होती. आणि ती हसत हसत ती सारखी करत होती. 

तरी मी राहिले. निघून जायचं होतं तर तोंड लपवून कुठे जायचं, रजा तर टाकलेली. तीन दिवस मी भाजी निवडली, चहा केला, ऑर्डरीचे पत्ते लिहिले. चौथ्या दिवशी दुपारी भावजयीला एका कॉलेजात बोलावलं होतं. विषय, वसईची खाद्यपरंपरा. लाल लुगडं, टोपलीत सुकेळी, लॅपटॉप पिशवीत. निघताना स्कूटरवरूनच मला म्हणाली की ताई, यायला अंधार होईल, मांडवावरची केळी दिवस असताना उचला हं, तुम्हाला मी काय सांगायचं.

तुम्हाला मी काय सांगायचं. हे तिने चांगल्या मनाने म्हटलं होतं, आता कळतं. तेव्हा मला टोचलं. दिवसभर डोक्यात तेच. ही परंपरेवर भाषण देणार, हार घेणार, आणि मी हिच्या मागे केळी उचलणार.

ऊन नारळांच्या मागे गेलं तेव्हा मी पडवीच्या दारात उभी होते. मला दिसलं. टोपल्या भिंतीशी पालथ्या होत्या, गोधडी दोरीवर होती. पंधरा मिनिटांचं काम. मी आत गेले आणि चहा ठेवला. चहा उकळला, गाळला, प्याले. कप धुतला. मग आईचा कप धुतला. मग ओटा पुसला, जो आधीच पुसलेला होता. बाहेर आईच्या फोनवर मालिकेतल्या बायका भांडत होत्या. मी मनात म्हणत होते की आईला आठवण होईल, ती हाक मारेल, मग उचलू. आईने हाक मारली नाही. आणि मनाच्या तळाशी दुसरंच चाललं होतं, ते सांगते. सगळी परंपरा स्टेजवर, आणि घरचा मांडव दवात. बघू दे आईला, तिची अस्सल बाई कशी आहे ते.

दिवेलागण उलटून गेल्यावर भावजय आली. गळ्यात शाल, हातात फुलांचा गुच्छ. अंगणातला दिवा लावला आणि तशीच थांबली. तिने मांडवावर हात फिरवला, बोटं नाकाशी नेली. गुच्छ पायरीवर ठेवून ती माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलायच्या आत आई खुर्चीतून म्हणाली की माझंच चुकलं, मालिका बघता बघता डोळा लागला, हिला सांगायचं राहून गेलं.  लुगडं वर खोचून भावजयीने एकटीने ती सगळी केळी उचलली. मी पुढे झाले तर म्हणाली, राहू द्या ताई. पहिली ओळ त्यातच होती. देवाची.

सकाळी टोपल्यांतून आंबूस वास यायला लागला. केळी हाताला शेवाळासारखी लागत होती. भाऊ कामावर गेला, भावजय वाडीत पाणी सोडायला गेली. अंगणात मी आणि आई. मी वाट बघत होते. आता ही बोलेल, आता तरी चिडेल. आईने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चहा घेतलास का?"

माझा बांध फुटला. "आई, मी विसरले नव्हते. मी मुद्दाम ठेवली."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "मी बघत होते. तू दारात आली होतीस."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तू उचलतेस का ते बघत होते."

मग मी जे बोलले ते धड आठवतही नाही. तिला ओळ दिलीस, माझ्याकडून फोटो काढून घेतलेस, तिला लुगडं दिलंस, बोली दिलीस, मला खुर्ची दिलीस, असं काय काय. चोपन्न वर्षांची बाई, नाक पुसत, पोरीसारखी. आई ऐकत राहिली. शेवटी तिने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून ठेवले. आता कामातून सुटले तरी नखांच्या कडा काळ्याच होत्या.

"तुझे असे व्हायला नको होते मला," ती म्हणाली.

"आणि तिचे झाले तर चालतात?"

आईने हात उचलून गाऊनच्या घोळात लपवले. मी तिला अडकवलं होतं, आणि मला त्याचा आनंद झाला, तोही सांगून टाकते. मग तिने काठी उचलली, पडवीत उभा करून ठेवलेला हिरवा घड काठीने दाखवला, बाजूला पाट होता तो दाखवला आणि म्हणाली,

"मेले, अटे बस."

मी बसले. कोयता घेतला. आणि मग आईचं तोंड सुटलं ते सुटलंच. घरच्या बोलीत, त्रेचाळीस वर्षांचं साठवलेलं एकदम. देवाची ओळ नासवलीस, डोळे काय गहाण ठेवले होते, फणी अशी कापतात का, शिकून शिकून अक्कल कुठे सांडलीस, घडाचा दांडा धर, बोट कापशील मेले. निम्मे शब्द मला कळले नाहीत. ती थांबली की मला भीती वाटायची, आता परत पुस्तकी बोलेल, म्हणून मी फणी मुद्दाम वाकडी कापायचे. चीक मनगटापर्यंत ओघळत होता. साडीला लागला. लागू दे म्हटलं. नासलेली ओळ भरून काढायला नवा घड पिकवायचा होता, तो पेंढ्यात दाबेपर्यंत माझी बोटं काळी ठिक्कर झाली. इतकं छान मला पहिल्या पगाराच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

भावजय विहिरीकडून आली ती आईचा आवाज ऐकूनच. तिला वाटलं असणार, शेजारीण आलीय आणि तिचा उद्धार चाललाय. वळणावर तिने मला पाटावर पाहिलं आणि थबकली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, चेहरा उतरलेला. काल इतकी केळी एकटीने उचलली तेव्हाही तिचा चेहरा असा नव्हता. ती माझ्या हातांकडे बघत होती. मी ते हात मुद्दाम जरा वर धरले. तिच्याही पोटात दुखलं तर, असं वाटून मला मस्त गार वाटलं.

आईने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तिलाही बसेल एक मेले, चिखलाचे पाय घेऊन आली म्हणून. मी कान टवकारूनच होते. पण आईचा सगळा दारूगोळा माझ्यावर संपला होता. ती भावजयीकडे जरा वेळ बघत राहिली. मग शेजारची खुर्ची गाऊनच्या टोकाने पुसली, आणि त्याच अडखळत्या, रेडिओवरून शिकलेल्या मराठीत तिला म्हणाली,

"बस. जेवलीस का?"

भावजय मटकन खुर्चीत बसली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली.

मी कोयता खाली ठेवला. तो प्रश्न माझा होता.